हरणीची आई चांदणी, चांदणीची आई हरणी

सोमवार, ८ डिसेंबर २०२५

जुनी वही अर्धी कोरी आहे, पण तिच्यात नुसत्या गुडघ्याच्या आणि पित्ताच्या नोंदी. नव्या कामाला नवी वही.

काम असं. काल शहाजी आला होता. आक्काचा मुलगा, माझा भाचा. इथं एमआयडीसीत सुपरवायझर आहे, जुळे सोलापुरात फ्लॅट आहे. चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "मामा, आईचं काय खरं नाही. विसरायला लागली."

मी म्हटलं, "मायाक्का? तिला माझा पहिला दात कुठल्या वारी पडला ते ठाऊक आहे."

"परवा फोनवर म्हणाली, हरणी मेंढी गाभण आहे. मामा, हरणीला मी माझ्या हातानं खड्डा खणून पुरलंय. चार वर्षं झाली. आणि आमच्या पोराचं नाव. पाच वर्षांचा झाला तो. एकदा तरी नावानं हाक मारली का तिनं? ए बाळ्या, ए धाकल्या. आठवतच नाही तिला."

त्यानं सगळं ठरवून टाकलंय. संक्रांतीनंतरच्या रविवारी, म्हणजे १८ जानेवारीला, मेंढरं सांगोल्याच्या बाजारात न्यायची आणि आईला फ्लॅटवर आणायचं. पोरगा वाईट नाही, काळजीनंच बोलतोय. पण आक्काला मेंढरांवाचून तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे तुळस नेऊन फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं.

मी म्हटलं, "थांब. आक्काच्या तोंडून कळपाची वंशावळ घेतो आणि लॅपटॉपवर घालतो. कोण कुणाची आई, कोण कुणाची नात. घोळ असेल तर यंत्र अडेल. नसेल तर तू मेंढरांचं नाव काढायचं नाही."

"चालेल," शहाजी म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही."

हे वाक्य मलाही फार आवडलं.

बुधवार, १० डिसेंबर

चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो. बिघडलेला माग चालू करून देणं हा माझा धंदा. शाळा सातवीपर्यंत. वैष्णवीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, पुण्याहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला, तेव्हापासून आठ महिने व्हिडिओ बघून पायथॉन शिकतोय. व्हिडिओतला मास्तर असा बोलतो, जणू त्याची एसटी सुटायलीय.

आज 'क्लास' शिकलो. मास्तरनं अर्धा तास घेतला, मला दोन मिनिटं लागली. मागावर चादरीच्या नक्षीची, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकच असते, तिच्यावर चादरी हव्या तेवढ्या निघतात. क्लास म्हणजे माळ, ऑब्जेक्ट म्हणजे चादर. माझ्या क्लासचं नाव 'मेंढी'. प्रत्येक मेंढीला दोन गोष्टी: नाव आणि आई. वर एक फंक्शन, 'वंश'. ते मेंढीचं नाव छापतं, मग तिच्या आईकडं जाऊन तिचं छापतं, मग आईच्या आईचं.

विजयमाला (बायको) मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "आक्कांना सगळं तोंडपाठ आहे की. मग यंत्र कुणासाठी?"

बायकांना विज्ञान समजवायला वेळ लागतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

चालवलं. तांबड्या अक्षरांत एरर. लॅपटॉप बंद केला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

पुन्हा चालवलं. पुन्हा तांबडं. काहीतरी भाजलं की काय म्हणून लॅपटॉपच्या खाली हात लावून बघितला.

शनिवार, १३ डिसेंबर

आज विजयमालानं एरर वाचला. ती दहावी पास, इंग्रजीत पंचावन्न मार्क. पंचेचाळीस वर्षांत हा आकडा मला कधी विसरू दिलेला नाही.

मी वरच्या ओळीपासून एकेक शब्द लावत होतो. ती म्हणाली, "अहो, खालून वाचा. वरच लिहिलंय की, मोस्ट रीसेंट कॉल लास्ट. म्हणजे सगळ्यात ताजं सगळ्यात शेवटी. वरचं नुसतं कोण कुणाकडं गेलं ते आहे. काय झालं ते खाली."

"तुला कसं कळलं?"

"मी पेपरसुद्धा मागच्या पानापासनंच वाचते."

शेवटची ओळ: टाइपएरर, 'वंश' टेक्स झिरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन. मी काहीच दिलं नव्हतं आणि ते म्हणतंय एक आलं. मी म्हटलं, "बघ, यंत्र खोटं बोलतंय!" मग तासाभरानं मास्तरच्या व्हिडिओत सापडलं. फंक्शनला हाक मारली की मेंढी स्वतः त्याच्यात शिरते. तिच्यासाठी 'सेल्फ' नावाचं दार ठेवायचं असतं. मी दारच ठेवलं नव्हतं. मेंढी उंबऱ्यावर उभी राहून ओरडत होती, आणि मी म्हणत होतो, कुणी आलंच नाही!

आणि या ट्रेसबॅकला मी भ्यायलो कशाला? माग थांबला की आम्ही काय करत होतो? कुठं थांबला ते बघायचं, आणि तिथून मागं मागं जात धागा कुठं तुटला ते शोधायचं. सगळं आयुष्य तेच केलं. फक्त तो माग तांबडा होत नव्हता.

मंगळवार, १६ डिसेंबर

आक्काला फोन. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सांगोल्याच्या पलीकडं एकटीच राहते. बावीस मेंढरं, एक कुत्रं आणि ती. खरं कारण सांगितलं नाही. लॅपटॉप शिकतोय, सरावाला मेंढरं पाहिजेत, एवढंच म्हटलं.

"माणसं संपली व्हय सोलापुरातली?"

"आक्का, नावं सांग. आणि प्रत्येकीची आई. मेलेल्या पण सांग, त्यांच्याशिवाय वंश जुळत नाही."

"लिव मग. काळी. तिला बाजारातनं आनली, तिची आई ठाव न्हाय. काळीची साळू. साळूची मोरी. मोरीची भुंडी. मुंजी काळीची भन..."

सांगत गेली ती सांगतच गेली, श्वास घ्यायला थांबली नाही. मग मध्येच म्हणाली, "थांब. आता तू सांग, साळूची आई कोन?"

"मुंजी?"

"काळी! मुंजी तिची मावशी. ध्यान कुटं हाय तुजं?"

असं तीनदा केलं. मधूनच मलाच विचारायची. तिला स्वतःला आठवत नसणार, म्हणून माझ्याकडून काढून घेत असेल. मनाला लागलं.

एक गोष्ट फक्त इथं लिहितो. हरणी सांगून झाली होती. हरणीची मुलगी चांदणी, तीही झाली. आणि मग आक्का म्हणाली, "चांदणीची हरणी." मी उलट विचारलं नाही. लिहून घेतलं. एकूण सत्तावीस नावं झाली.

फोन ठेवताना म्हणाली, "सगळं नीट लिव. आनि लिवल्यावर शहाजीला दाव."

त्याला कशाला दाखवायचं, म्हटलं. तर म्हणाली, "त्याला लई दिस झाले मेंढरं बघून."

शनिवार, २० डिसेंबर

सत्तावीस नावं टाइप केली. एका बोटानं. एका यादीत नावापुढं मेंढी, अशी जोडणी. हरणी मागितली की हरणी हजर.

चालवलं. एरर! पण आज लॅपटॉप बंद केला नाही. चहा मागवला आणि खालून वाचायला घेतलं. अ‍ॅट्रिब्यूटएरर. 'नन टाइप' नावाच्या वस्तूला 'वंश' नाही. ही नन टाइप कोण? आपल्या कळपात असली मेंढी नाही. एक ओळ वर गेलो, दोन ओळी वर गेलो. भुंडीपासून मोरी, मोरीपासून साळू, साळूपासून काळी, आणि काळीची आई... काळी बाजारातनं आणलेली. आईची जागा रिकामी. माझा प्रोग्राम त्या रिकाम्या जागेला विचारत होता, बाई, तुझी आई कोण?

एक ओळ घातली. आई ठाऊक नसेल तर तिथं थांब. किती सोपं. भुंडीचा वंश कसा झरझर उतरला! विजयमालाला हाक मारून दाखवला. म्हणाली, "छान. आता दळण आणा."

सोमवार, २२ डिसेंबर

नवी पेठेतून माऊस आणला. दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?" मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

शनिवार, २७ डिसेंबर

आज हरणीचा वंश मागितला.

हरणी. चांदणी. हरणी. चांदणी. हरणी. चांदणी. पडदा नुसता धावायला लागला. मागावरून धोटा सुटावा तसा. मग आपोआप थांबलं आणि तांबडं आलं. शेवटची ओळ, रिकर्शनएरर. तिच्या वर, आधीची ओळ आणखी नऊशे कितीतरी वेळा, असं. खालून वर गेलो. वर पण तेच. कुठूनही वाचा, हरणीची आई चांदणी आणि चांदणीची आई हरणी.

माझ्याच कोडमध्ये चूक असणार. आक्का अशी चुकणार नाही.

सोमवार, २९ डिसेंबर

कोड तीनदा पुन्हा लिहिला. 'सेल्फ' दोनदा विसरलो. (आक्काला फोन करून विचारलं, काळीची मुलगी कोण. म्हणाली, "हे तू परवा बी इचारलंस." मी कधी विचारलं? बिचारी.)

कोडमध्ये चूक नाही.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

लिहायला जड जातंय. शहाजी आला होता. "मामा, काय म्हणतंय यंत्र?"

खोटं बोलता आलं नाही. पडदा दाखवला. हरणी, चांदणी, हरणी, चांदणी. त्यानं बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "बघा मामा. मी काय म्हणत होतो."

१८ तारखेची गाडी सांगून ठेवतो म्हणाला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आक्काची बाजू लढवायला बसलो होतो, आणि तिच्याविरुद्ध साक्ष माझ्याच लॅपटॉपनं दिली.

सोमवार, ५ जानेवारी

तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. विजयमालानं उघडला.

"अहो, तुम्ही किती नावं घातली?"

"सत्तावीस."

"मग हे पंचवीस का म्हणतंय?"

बघितलं. यादी मोजायची ओळ मीच घातली होती, उत्तराकडं बघायचं राहिलं होतं. पंचवीस.

विजयमाला म्हणाली, "आक्का चुकल्या असत्या तर सत्तावीसच्या सत्तावीस राहिल्या असत्या, नाती तेवढी वाकडी झाली असती. दोन मेंढ्या गेल्या कुठं? यंत्रानं खाल्ल्या?"

वही काढून नावं जुळवली. हरणी दोनदा. गंगू दोनदा. यंत्राच्या यादीत एका नावाची एकच मेंढी राहते. दुसरी आली की ती पहिलीच्या जागेवर बसते आणि पहिली गुपचूप जाते. याला एररसुद्धा येत नाही! जो धागा आवाज न करता तुटतो तो सगळ्यात वाईट, हे मी नव्या पोरांना जन्मभर सांगत आलो.

"म्हणजे आक्कानं दोन नावं दोनदा सांगितली," मी म्हटलं. "घोळच की शेवटी."

विजयमालानं माझ्याकडं बघितलं. मी गुंडी चुकीच्या काजात घातली की बघते, तसं. "शहाजी म्हणतो त्या नातवाच्या नावाचं पण मला काही पटत नाही. मी कधी तुमचं नाव घेते का?"

त्याचा इथं काय संबंध ते तिनं सांगितलं नाही. "गावाला जा," एवढंच म्हणाली. "यंत्राला काय विचारता. मेंढ्यांना विचारा."

बुधवार, ७ जानेवारी

सकाळच्या एसटीनं आक्काकडं गेलो होतो. आत्ता संध्याकाळी परत आलो. ताजं आहे तोवर लिहितो.

आक्का वाड्यापाशी उभी होती. काट्यांच्या कुंपणाचा मेंढरांचा वाडा. मी लांबूनच म्हटलं, "आक्का, हरणी कुठंय?"

तिनं तोंड न वळवता हाक मारली, "हरणेऽ!" आणि कळपातून एक पोट सुटलेली, उंच नाकाची, कपाळावर तांबडा ठिपका असलेली मेंढी डुलत पुढं आली.

"ही हरणी?"

"न्हाय, म्हस हाय."

"अगं, हरणी मेली ना? शहाजीनं खड्डा खणला होता."

"ती मेली की. ही तिची नात. चांदणीची." तिनं कुंपणाला टेकून बसलेली एक म्हातारी मेंढी दाखवली. दात गेलेले, खोकत होती. "ती बघ चांदणी."

"मग नाव तेच कसं?"

"आता मंत्र्याचं ठिवू का? म्हातारी गेली की पैल्या नातीला तिचं नाव. बाबा असल्यापास्नं हेच हाय. तू कुटं मेंढरात हुतास, चौदाव्या वर्षीच मागावर गेलास. गंगूची नात बी गंगूच हाय."

मी तिथंच दगडावर बसलो. आक्का शेजारी बसली. तिला काही समजावून सांगायची गरज पडली नाही, तिनंच विचारलं, "महिपा, तुजं नाव कुनाचं हाय?"

"आज्याचं."

"मग तू तुजाच आजा व्हय?"

हसून हसून माझा चष्मा खाली पडला. एका मेंढीनं हुंगला. मग मला विजयमालाचं बोलणं आठवलं आणि विचारलं, "आक्का, शहाजीच्या पोराला तू नावानं का हाक मारत नाहीस?"

ती एकदम लाजली. बहात्तर वर्षांची बाई, पदर तोंडाला लावला. "तुज्या दाजींचं नाव काय हुतं?"

बिभीषण. आणि पोराचं? बिभीषण. शहाजीनं बापाचंच नाव ठेवलंय. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून ती पाच वर्षं बाळ्या म्हणतेय, आणि आम्ही शहाणे ते विसरण्यात धरतोय!

"मग दोन हरण्या ओळखतेस कशा?"

"थोरली आनि धाकटी. त्यात काय?"

निघताना तिनं भाकरी बांधून दिली. "शहाजीला मेंढरं दावलीस का तुज्या यंत्रात?" मी म्हटलं, दाखवतो. बाजाराचं तिला काही कळलेलं नाही, एवढं बरं आहे. ती आपली हसत होती.

गुरुवार, ८ जानेवारी

थोरली हरणी, धाकटी हरणी. थोरली गंगू, धाकटी गंगू. सत्तावीसच्या सत्तावीस हजर. धाकटी हरणी, चांदणी, थोरली हरणी, आणि थोरलीची आई आक्कालाही ठाऊक नाही, तिथं थांबलं. तांबडं अक्षर एक नाही. थोडं चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.

शनिवार, १० जानेवारी

शहाजीला बोलावलं. मेंढरांच्या गोष्टी सांगत बसलो असतो तर म्हणाला असता, मामा, जाऊ द्या. म्हणून त्याच्यासमोर जुनाच प्रोग्राम उघडला, धाकटी-थोरली घालण्याच्या आधीचा. मेंढ्या काढून टाकल्या. 'आई'च्या जागी 'बाप' घातलं. म्हटलं, "तुझ्या घरातली नावं सांग. तू टाइप कर."

त्यानं केलं. बिभीषण. त्याचा मुलगा शहाजी. शहाजीचा मुलगा बिभीषण.

"आता पोराचा वंश माग."

बिभीषण. शहाजी. बिभीषण. शहाजी. पडदा धावायला लागला. शहाजी खुर्चीत मागं सरकला. "हे काय मामा? माझा पोरगा माझाच बाप?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

आतून विजयमालाच्या हसण्याचा आवाज आला. शहाजी हसला नाही. तांबडं येऊन थांबलं तरी तो बघतच होता. मग मी त्याला धाकट्या हरणीचं सांगितलं, आणि आई पोराला बाळ्या का म्हणते तेही.

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "बाबा गेल्यावर पोराचं नाव मीच हट्टानं ठेवलं. घरात हाक ऐकू यावी म्हणून. तिनं कधी मारलीच नाही, तर मला वाटलं..." मी तरी काय, २ तारखेला शेवटची ओळ वाचली आणि उठलो होतो.

"१८ ची गाडी सांगितलीय मामा."

"सांगितलीस तर जा की. पोराला घेऊन जा. येताना गाडी रिकामी आण म्हणजे झालं."

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. विजयमालाच्या हातची बाजरीची भाकरी आणि भोगीची उरलेली भाजी, तिळगूळ. प्रोग्राम बंद ठेवला. सण आहे.

सोमवार, १९ जानेवारी

काल शहाजी पोराला घेऊन जाऊन आला. संध्याकाळी फोन केला. म्हणाला, "मामा, आईनं एकेका मेंढीची ओळख करून दिली. मग माझीच परीक्षा घेतली. साळूची आई कोण, म्हणून. मी नापास."

"मुंजी म्हणालास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

गाडी रिकामी आली. पोर तेवढं परत यायला तयार नव्हतं. मेंढरांचा विषय शहाजीनं काढला नाही, मीही नाही. आक्काचा वेगळा फोन आला. म्हणाली, "महिपा, लिवलेलं कामाला आलं बग." कोणत्या कामाला ते मला नीट समजलं नाही. पण तिला लॅपटॉपचं कौतुक आहे, हे बघून बरं वाटलं.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी देवपूजा चालू असताना आक्काचा फोन. आवाज बसलेला होता.

"चांदणी गेली. पहाटे."

मागं कोकराचा बारीक आवाज आला.

"आनि हरणी याली. मादी हाय. उभी बी ऱ्हायली. लिवून घे."

वही ओढली, लॅपटॉप उघडला. नाव विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आई: धाकटी हरणी. नाव: धाकटी चांदणी. 'वंश' मागितला. चार नावं एकाखाली एक उतरली आणि शेवटी, जिची आई कुणालाच ठाऊक नाही तिच्यापाशी, न ओरडता थांबली.